कणसं खुडल्यावर मक्याच्या धांड्यांचा मुरघास कसा कसदार करायचा?

सिल्लोडकर
राम राम मंडळी. दोन एकर मका दाण्यासाठी आहे, काढणी तोंडावर आलीय. दरवर्षी कणसं खुडून धांडं वाळवतो आणि गंजी लावतो. गाई पानं तेवढी खातात, धांडं गव्हाणीत तशीच पडून राहतात. यंदा हिरव्यातच कुट्टी करून मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) भरावा म्हणतोय. दोन संकरित गाई, एक म्हैस आणि लहान वासरं आहेत. दुकानदार कल्चरची (मुरघासात टाकायच्या जिवाणूंची) पुडी पुढे करतोय, पौष्टिकता दुप्पट होते म्हणे. शेजारचे दाजी म्हणतात, १०० किलोला ४ किलो युरिया टाक. नक्की काय करू? कणसासकट करा असं मात्र कुणी सांगू नका, उधारी फेडायचीय.

कडबाकुट्टी
नको म्हणालात तरी सांगतोच. पुढच्या हंगामात अर्धा एकर आफ्रिकन टॉल मका फक्त चाऱ्यासाठी पेरा. धांड्यांवर गाय दूध देत नाही.

राहात्याचा गोठा
कडबाकुट्टीभाऊ, ज्याच्या डोक्यावर उधारी आहे त्याला पुढच्या हंगामाचं सांगून काय उपयोग?

सिल्लोडकर दादा, आधी पुडीचं बघू. कल्चरमधले जिवाणू साखरेचं आम्ल करतात. सामू (pH) ४ च्या आसपास उतरला की चारा टिकतो, एवढंच त्यांचं काम. धांड्यातलं लिग्निन, म्हणजे न पचणारा कठीण भाग, ते फोडत नाहीत आणि प्रथिनंही वाढवत नाहीत. मुरघास म्हणजे लोणचं: कैरी जशी घालाल तशीच बरणीतून निघणार. दाण्याबरोबर निम्मा कस पोत्यात गेलेला असतो आणि उरलेल्या धांड्यात प्रथिनं जेमतेम ५ टक्के असतात. ती बाहेरूनच घालावी लागतील.

पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेळेनं, आणि त्याला पैसा लागत नाही. कणसाच्या मधला दाणा काढून त्याचं बूड नखानं खरवडा. तिथे काळा ठिपका दिसला की दाणा भरून झाला, उभा ठेवून वजन वाढत नाही. त्याच दिवशी खुडायला घ्या, कणसं खळ्यावर वाळू द्या आणि धांडं लगेच कुट्टीला लावा. आमच्याकडे लोक दाणा ताटावरच खडखडीत वाळायची वाट बघतात, तोवर पानांचा पाचोळा झालेला असतो. स्वीट कॉर्नवाल्यांचं म्हणूनच बरं, कणसं तोडली तरी ताट हिरवंगार.

कुट्टी मुठीत दाबून बघा. पाणी गळलं तर फार ओली. मूठ सोडल्यावर गोळा सावकाश सुटला आणि तळवा ओलसर राहिला तर बरोबर. लगेच भुसभुशीत होऊन पडली तर कोरडी, ती नीट दबत नाही, आत हवा राहते आणि बुरशी येते. एक टन कुट्टीत ५० टक्केच ओल असेल तर मुरघासाला लागणाऱ्या ६५ वर न्यायला सव्वाचारशे लिटर पाणी लागतं! त्यापेक्षा कुट्टीच्या वजनाएवढंच ताजं नेपियर गवत किंवा उसाचं वाढं मिसळा. चवळी, लसूणघास असेल तर चौथा हिस्सा घाला, प्रथिनं तिथूनच येतात. त्याहून जास्त नको, द्विदल चारा आम्ल लवकर चढू देत नाही. साखरेसाठी टनाला २०-३० किलो मळी (मोलॅसिस) पाण्यात पातळ करून थराथरावर शिंपडा.

आता युरिया. दाजींचं प्रमाण खरं आहे, पण ते वाळल्या वैरणीचं. १०० किलो भुसा किंवा सरमड, ४ किलो युरिया, ४०-५० लिटर पाणी, २१ दिवस झाकून. तिथे अमोनियानं धागा सैल करायचा असतो, आम्ल नकोच असतं. हेच प्रमाण मुरघासात टाकलंत तर आंबट वास येणारच नाही, वर विषबाधेची भीती. मुरघासाला टनामागे ५ किलो, पूर्ण विरघळवून, सगळीकडे सारखा. कागदावर हे ५ किलो म्हणजे साधारण १४ किलो प्रथिनं. पण त्याचं प्रथिन पोटातले जिवाणू करतात आणि त्यांना पिष्टमय खाद्य लागतं. दिवसाला मूठ-दोन मूठ मका भरड्यानं भागणार नाही, नीट खुराक द्या.

सिल्लोडकर
वासरांनाही हाच चालेल का? आणि घरचं सोयाबीन भरडून देतो, ते?

खुराकवाले काका
सहा महिन्यांखालच्या वासरांना युरियाचं काहीच नको. कच्चं सोयाबीनही युरियाच्या चाऱ्याबरोबर देऊ नका, त्यातलं युरिएज नावाचं विकर युरिया झपाट्यानं फोडतं आणि रक्तात अमोनिया वाढतो. भाजून द्या, नाहीतर सरकी पेंड बरी. मोठ्या जनावरांना आठ-दहा दिवसांत हळूहळू सवय लावा. उसाचं वाढं मिसळलंत तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका.

सिल्लोडकर
खड्डा करू की बॅग?

राहात्याचा गोठा
तीन जनावरांना बॅगच. खड्ड्याचं तोंड मोठं, रोज पुरेसा थर निघत नाही आणि वरचा भाग तापतो. कुट्टी एक-दोन सेंटिमीटरची ठेवा, थर देत तुडवा, तोंड घट्ट बांधा आणि दीड महिना उघडू नका. उंदरांनी भोक पाडलं तर त्याच दिवशी टेप लावा. उघडल्यावर बुरशीचा भाग दिसला तर तो उकिरड्यावर, म्हशीलाही नाही. बुरशीचं विष दुधात उतरतं.