सी-103, महिला मंडळ आणि सिएटलची प्रमिला

देशपांडे काका (बी-204): नमस्कार. महिला मंडळाच्या प्रमुख म्हणून सी-103 च्या मोहंतीताईंचं नाव ठरल्याचं खाली पार्किंगमध्ये ऐकलं. ग्रुपवर सांगायची पद्धत नाही का? भाडेकरूला पद? मागच्या गणपतीत भाडेकरूंनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे.

स्मिता (ए-301): काका, गणपतीतला घोळ वरच्या मुलांचा होता. मोहंतीताईंचा त्यात काय संबंध? आणि महिला मंडळ म्हणजे कार्यकारिणी नाही, तिथे मतदानाचा प्रश्न येत नाही.

ठाकरे (ए-102): टाकी कधी साफ होणार? पाण्याला वास येतोय.

देशपांडे काका: आज आहेत, उद्या त्यांच्या साहेबांची बदली झाली की भुवनेश्वरला परत. मंडळ कोण सांभाळणार?

वानखेडे वहिनी (सी-201): काहून इतकं तापता काका? आपला वॉचमन बालाघाटचा. रेशन दुकानात त्याचा अंगठाच जुळत नव्हता. मोहंतीताई त्याला आधार केंद्रावर घेऊन गेल्या, ठसे नवे करून आणले, मग दुकानदारासमोर उभं राहून मध्य प्रदेशच्या कार्डावर इथे धान्य मिळवून दिलं. आपण इतकी वर्षं त्याला फक्त गेट उघडायला सांगतो.

नितीन (बी-401): सी विंगमध्ये यायला व्हिसा लागतो का काका?

देशपांडे काका: नितीन, आधी तुझी अ‍ॅक्टिव्हा माझ्या गाडीमागून काढ, मग विनोद कर.

नितीन: काढली काका. कालच.

देशपांडे काका: आज परत आहे.

स्मिता: काका, 2016 ला प्रमिला जयपाल अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आल्या तेव्हा 'भारताची लेक' म्हणून फोटो याच ग्रुपवर तुम्ही टाकला होता. चेन्नईत जन्मलेली मुलगी, 16 व्या वर्षी एकटी शिकायला गेली. नागरिकत्व मिळालं 2000 साली. पुढच्याच वर्षी 11 सप्टेंबरचा हल्ला झाला आणि शीख, अरब, मुस्लिम दिसणाऱ्या कोणाहीवर लोक धावून जाऊ लागले. तेव्हा या बाईने सिएटलमध्ये 'हेट फ्री झोन' नावाची संस्था उभी केली. सरकारवर खटला भरून देशभरातल्या 4,000 हून जास्त सोमाली लोकांची हद्दपारी थांबवली. तेव्हा आमदारकी नव्हती, कुठलंच पद नव्हतं.

स्मिता: पुढे त्याच संस्थेचं नाव 'वनअमेरिका' झालं. नव्या नागरिकांची मतदार नोंदणी हे तिचं मोठं काम. 2014 ला तिथल्या राज्याच्या सिनेटवर, 2016 ला देशाच्या संसदेत. प्रतिनिधीगृहातली पहिली भारतीय-अमेरिकन स्त्री. तिथल्या लोकांनी 'तू कालची आलेली' म्हटलं असतं तर?

खोब्रागडे सर (ए-203): ग्रुपवर राजकारण नको ही विनंती.

देशपांडे काका: मी फोटो टाकला होता, मान्य. पण 2019 ला काश्मीरमधले निर्बंध उठवा असा ठराव तिथल्या संसदेत मांडला तोही याच बाईने. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिच्यासोबतची बैठक नाकारली होती. त्याचं काय?

स्मिता: ठराव मांडला, बैठक नाकारली, दोन्ही खरं. मलाही तिची सगळी मतं पटत नाहीत. पण तुम्ही मतावर भांडताय, जन्मगावावर नाही. मोहंतीताईंशीही तसंच भांडा ना. त्यांचं कोणतं काम पटलं नाही ते सांगा.

ठाकरे: टाकी??

जोशी आजी (बी-101): देशपांडे, नागपूरच्या पहिल्या खासदार अनसूयाबाई काळे. जन्म बेळगावचा. 1952 ला आपण त्यांना दिल्लीला पाठवलं, 1957 ला पुन्हा. 1942 च्या लढ्यातल्या चिमूर-आष्टीच्या फाशीच्या कैद्यांसाठी त्या झटल्या होत्या, ते आमच्या घरी फार आदराने बोललं जायचं. बेळगावची म्हणून कोणी अडवल्याचं मी तरी ऐकलं नाही.

देशपांडे काका: आजी, त्या काळाची गोष्ट वेगळी.

जोशी आजी: वेगळी कशी? सांग की.

वानखेडे वहिनी: दर रविवारी पार्किंगमध्ये टेबल टाकून बसतात त्या. धुणंभांड्याच्या बायकांचे ई-श्रमचे, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचे, फॉर्म भरतात. माझ्याकडची मंदा म्हणते, ताई ओरडत नाहीत, दोनदा विचारलं तरी सांगतात. ती घरी असं कधी बोलली नव्हती कोणाबद्दल.

देशपांडे काका: ते टेबल माझ्या पार्किंगमध्ये असतं, हेही नोंदवा.

वानखेडे वहिनी: नोंदवलं. तुमची गाडी रविवारी रामटेकला असते.

मोहंती ताई (सी-103): सबको नमस्कार. मराठी वाचता येते, लिहायला थोडा वेळ लागतो. मला पद नको होते, वहिनींनी नाव दिले. काका, टेबल मी हलवते. पण रविवारचे काम चालू राहील. बायकांना कागद नीट मिळत नाहीत, हे मला बघवत नाही.

स्मिता: ताई, टेबल हलवू नका.

सचिव (बी-302): सर्वांनी वाचावे. टाकी बुधवारी साफ होईल, पाणी भरून ठेवा. महिला मंडळाचा विषय रविवारी 11 वाजता गच्चीवर. भाडेकरू महिलाही येतील, मत देतील. पदाचा प्रश्न मंडळातल्या महिलांनीच ठरवायचा आहे.

देशपांडे काका: मी येईन. विरोधात बोलणार आहे, पण त्यांच्यासमोर बोलेन. मोहंतीताई, पुढच्या रविवारी आमच्या कामवालीचा फॉर्म घ्याल का? तिच्या नवऱ्याचं नाव कार्डावर चुकलंय.

मोहंती ताई: हो काका. आधार आणि जुने कार्ड, दोन्ही पाठवा. झेरॉक्स नको, मूळ प्रत हवी.