अनुभव धागा: मोतीबिंदूचं ऑपरेशन, भूल आणि टेबलावरची ती पंधरा-वीस मिनिटं

आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, नुसते थेंब टाकून करू, जमलं नाही तर इंजेक्शन. घरी येणारा प्रत्येक जण तिला "काही कळत नाही हो" म्हणून जातो आणि तिची भीती वाढतेच. "काहीच कळत नाही तर एवढं समजावता कशाला?" हा तिचा प्रश्न मला रास्त वाटतो. ज्यांनी स्वतः करून घेतलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी नक्की काय जाणवलं ते लिहा. दुखलं असेल तर तेही लिहा.

पेन्शनर
माझं फेको (यंत्राने मोतीबिंदू आतच फोडून ओढून काढतात ते), थेंबांवर. पहिला थेंब चांगलाच झोंबतो, पुढचे कळत नाहीत. पापणी उघडी राहावी म्हणून तारेचा चिमटा लावतात. 'पापणी मिटली तर?' ही माझी मोठी धास्ती होती, ती तिथेच संपली. मिटताच येत नाही. डोळा मात्र हलवता येतो, म्हणून "दिव्याकडे बघत राहा" असं सारखं सांगतात. तो दिवा सुरुवातीला फार टोचतो. मग गुलाबी, निळं, पिवळं असं काहीतरी पाण्याखालून हलताना दिसतं. मला ते बघायला आवडलं, खोटं कशाला बोलू. पाणी कानाकडे ओघळतं. लेन्स बसवताना आतून दाब येतो, त्याला दुखणं म्हणता येणार नाही, पण कळतो. हात चादरीखाली घट्ट धरून पडलो होतो.

वाडीवरची
आमच्या सासऱ्यांचं शिबिरात झालं, छोट्या छेदाचं. मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. तिथे डोळ्याखाली इंजेक्शन. त्यांच्या शब्दांत, "सुई टोचली, मागं काहीतरी फुगल्यासारखं झालं, लय दुखलं, पण 'अगं आई गं' म्हणेपर्यंत संपलं." नंतर डोळा थोडा वेळ दाबून धरला. मग डोळा हलेना, पापणी उचलेना. ऑपरेशनचं म्हणाल तर त्यांना काही कळलं नाही. सकाळी पट्टी काढली तर डोळ्याखाली काळंनिळं! आम्ही घाबरलो. सुईमुळे असं होतं, आपोआप जातं, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

दमेकरी
मला डोळ्याचं टेन्शन नव्हतं, आडवं पडायचं होतं. तोंडावर हिरवं कापड येतं, त्यात जीव गुदमरतो. कापडाखाली ऑक्सिजनची नळी ठेवतात, तिचा फार आधार वाटला. आधीच सांगून टाका की सपाट झोपता येत नाही. उशी देतात, टेबल थोडं उंच करतात. खोकला आला तर तोंडाने सांगायचं, हात वर आणायचा नाही.

ओटीतली_ताई
डोळ्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, म्हणून थोडं जास्त लिहिते. थेंबांनी डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, हालचाल थांबत नाही. गरज वाटली तर डॉक्टर आतही थोडं बधिरीकरणाचं औषध सोडतात. इंजेक्शनने डोळा काही तास निपचित पडतो, तोवर एकाचे दोन दिसू शकतात. मान हलते, ऐकू येत नाही, फार घाबरट आहे, मोतीबिंदू कडक आहे, तर बहुधा इंजेक्शन. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांचा कल थेंबांकडे. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि पुरुषांनी लघवीसाठीची टॅमसुलोसिनची गोळी लपवू नये! तिने बाहुली नीट मोठी राहत नाही, सर्जनला आधी माहीत असलं तर तयारी ठेवता येते.
हे थेंबांचं सगळं सुरू झालं १८८४ मध्ये, व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांच्यापासून. त्यांनी वापरलं होतं कोकेन. आजचे थेंब वेगळे, घाबरू नका.

लेस्टरवासी
इकडे इंग्लंडमध्ये माझा हात धरायला एक नर्स शेजारी बसली होती, तेवढंच तिचं काम. काही होत असेल तर हात दाबायचा. औषधाइतकाच त्या हाताचा उपयोग झाला. आपल्याकडे मागितलं तर कुणी नाही म्हणणार नाही, फक्त कुणी मागत नाही.

कुंदाकाकू
पहिला डोळा मजेत झाला. दुसऱ्याला जास्त कळलं. तेच डॉक्टर, तेच थेंब. बहिणीचंही तसंच. पहिल्या वेळी घाबरून लक्षच नव्हतं, दुसऱ्या वेळी निवांत पडून सगळं टिपत होते, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा दुसऱ्या वेळी जास्त जाणवलं तर काही बिघडलं असं समजू नका.

नवीन_सभासद
बाबांचं परवा आहे. डॉक्टर मध्ये काही विचारत असतील तर उत्तर द्यायचं का?

ओटीतली_ताई
एका शब्दात. मान डोलवायची नाही, बाबांना हे दोनदा सांगा. कानाचं यंत्र असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. काढावं लागलं तर कपाळावर एक टिचकी म्हणजे स्थिर राहा, दोन म्हणजे दिव्याकडे बघा, असं आत जाण्याआधी ठरवून घ्या.