अ‍ॅलन ड्वॉन: दिग्दर्शक की कंत्राटदार?

रीळवेडा: काल इथे एकाने लिहिलं, "चारशे सिनेमे काढणारा हॉलिवूडचा अ‍ॅलन ड्वॉन दिग्दर्शक नव्हे, कंत्राटदार." रात्रभर डोक्यातून जाईना. १९११ ते १९६१, पन्नास वर्षं काम केलं या माणसाने. मूळचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. स्टुडिओशी संबंध आला तो पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यांमुळे, आणि मग तो तिथलाच झाला. 'रॉबिन हूड'चा (१९२२) अवाढव्य किल्ला बघून सिनेमाचा नायक डग्लस फेअरबँक्स बिचकला, तर ड्वॉनने पडद्यामागे घसरगुंडी बसवली आणि त्याला वरून सर्रकन खाली उतरवलं. कंत्राटदाराला हे सुचतं?

तात्या: ते लिहिणारा मीच. आकडा फुगवू नका. सुरुवातीचे शेकडो एका रिळाचे, दहा-पंधरा मिनिटांचे. म्हातारपणी रिपब्लिक नावाच्या स्टुडिओसाठी स्वस्तातली कामं. संख्येवर मोठेपण ठरत असेल तर आमच्या गावचा फोटोग्राफरही थोर.

मायाजाल: तात्या, त्या शेकड्यांपैकी तुम्ही किती पाहिलेत? बहुतेक उरलेच नाहीत. न पाहताच निकाल? माझे आजोबा टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. मालकाने धंदा बंद केला तेव्हा पेट्याच्या पेट्या रिळं भंगारात गेली, चांदी काढायला. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. आजी सांगायची, उरलेला तुकडा चुलीत टाकला तर केवढा भडका!

तात्या: आजोबांबद्दल आदर आहे. पण विषय ड्वॉन आहे.

कसबा_पेठ: विषय हाच आहे! फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची (१९१३) पूर्ण प्रत आपल्याकडे नाही. २००३ मध्ये पुण्यात आग लागली, नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी जुनी रिळं जळून गेली, दोन दिवस हळहळ आणि मग सगळे गप्प. आणि इथे हॉलिवूडवाल्यासाठी भांडणं!

रीळवेडा: फाळक्यांसाठी वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. पण एकाचं प्रेम म्हणजे दुसऱ्याचा अपमान, हे कुणी ठरवलं?

कसबा_पेठ: धागा काढला होता. तीन प्रतिसाद आले. त्यात तुमचा नव्हता.

रीळवेडा: ...खरं आहे. चुकलं माझं.

मायाजाल: तात्या, 'सिल्व्हर लोड' (१९५४) तरी बघा. खोटं वॉरंट घेऊन गावात आलेल्या खलनायकाचं नाव मॅकार्टी! कुणालाही कम्युनिस्ट ठरवणाऱ्या अमेरिकन सिनेटर मॅकार्थीच्या दहशतीच्या काळात हे करायला छाती लागते. तुमच्या वयाचा मान ठेवून इतकंच बोलते.

तात्या: वय काढायचं कारण नव्हतं. काल रात्री पाहिला. नायक गावभर पळतो आणि कॅमेरा न थांबता त्याच्यासोबत जातो, तो शॉट मान्य. दोनदा मागे नेऊन बघितला. तेवढाच. बाकीचे दाखवा, मग बोलू.

मायाजाल: दाखवायला उरलेत कुठे तात्या, तेच तर कालपासून सांगतेय.