टेदर्ड फ्लायला मराठीत काय म्हणाल?

खटपट्या: नववीच्या विज्ञान शिबिराचं हँडआउट मराठीत करतोय, एका जागी अडलोय. माशीच्या पाठीला बारीक टाचणी गोंदाने चिकटवतात, तिला हवेवर तरंगणाऱ्या गोळीवर उभी करतात, ती चालते पण पुढे जात नाही, खालची गोळीच फिरते, त्यावरून कळतं तिला कुठे वळायचंय, आणि डोकं जागचं हलत नसल्याने त्याच वेळी वरून मायक्रोस्कोपमधून मेंदूतल्या पेशी उजळताना दिसतात. ही टेदर्ड फ्लाय. मी 'दाव्याला बांधलेली फळमाशी' लिहिलं तर शिबिरवाल्या बाई म्हणे दावं गुरांना असतं. आणि बिहेवियरला 'वागणं' लिहिलंय.

हापूसवाला: दाव्याचं नंतर, आधी फळमाशी खोडा! फळमाशी म्हणजे आंब्यात अंडी घालणारी, जिच्यासाठी आम्ही दापोली विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगतो. तुमची ड्रोसोफिला पिकल्या केळ्यावरची. ते चिलट.

तिरकस: चिलट डोळ्यात जातं ते. केळ्यावरचं आमची आजी घुंगुरटं म्हणायची.

अक्षरशत्रू: चिलट हे चिल्लर कीटक वरूनच आलं असणार, बघा जुळतंय

तिरकस: तुमच्या व्युत्पत्त्या पण रक्षक सापळ्यात टाका एकदा.

शुद्धमती: बंधित फलमक्षिका. आणि बिहेवियरला वर्तन, 'वागणं' नको, शास्त्र आहे हे.

बिनसाखरेचा: वर्तन म्हटलं की शाळा सोडल्याचा दाखला आठवतो हो, वर्तणूक चांगली. मी दोन वर्षं लॅबमध्ये काढली, तिथे कोणी मक्षिका म्हणत नव्हतं, "फ्लाया फ्लिप केल्यास का" (म्हणजे नव्या बाटलीत हलवल्यास का) एवढंच मराठी.

खटपट्या: वागणंच ठेवतो. दुसरं, सामान स्वस्तातलं आहे, रास्पबेरी पाय (छोटासा स्वस्त कॉम्प्युटर), त्याचा कॅमेरा, इन्फ्रारेड एलईडी (तो उजेड माशीला दिसत नाही म्हणून), बाकी थ्रीडी प्रिंट. अशाच सामानाचं, २०१७ साली आलेलं फ्लायपाय हे लॅबचं उपकरण साध्या रूपात १०० युरोंच्या आत बनतं. याला जुगाड लिहू का?

शुद्धमती: जुगाड हिंदी आहे. अल्पखर्ची साधने.

हापूसवाला: अल्पखर्ची म्हणजे कंजूष माणूस वाटतो.

तिरकस: दाव्यावरून आठवलं, लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून हेलिकॉप्टर उडवायचो. टेदर्डच की ते! आता लाज वाटते.

बिनसाखरेचा: चतुर का टाचणी? बसल्यावर पंख पसरतो तो चतुर, मिटून बसते ती टाचणी.

तिरकस: दोरा बांधल्यावर कोण बसतंय.

खटपट्या: थांबा, टाचणी हा पण किडाच का? हँडआउटमध्ये पाठीला टाचणी चिकटवलीये मी.