वजनकाटा पुरेसा नाही

पॅसिफिक बेटांवरची मुलं आळसामुळे लठ्ठ होतात, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. अजिबात पटलं नाही. तिथल्याच सामोआ देशात मासे, तारो (अळूसारखा कंद) मागे पडले आणि ताटात आयात माल आला. टर्कीच्या चरबीदार शेपट्या इतक्या खपायला लागल्या की सरकारने २००७ मध्ये बंदी घातली. जागतिक व्यापार संघटनेत जाताना तीही उठवावी लागली! यात पोरांचा काय दोष?

आणि आपण तरी कुठे वेगळे? दिंडोरीजवळच्या मळ्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याचं वजन वयाला बरोबर, म्हणून घरचे निश्चिंत. हातपाय काटकुळे, पण शर्टाची खालची बटणं ताणलेली. परवा शिंप्याची टेप लावली, श्वास सोडल्यावर. उंची १३२ सेंमी, कंबर ६९. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे ६६च्या आत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांनी दाखवलंच आहे, आपली बाळं जन्मतः किरकोळ दिसली तरी अंगात चरबी धरून असतात.

ताईला सांगितलंय, शाळेच्या वाटेवरची पाच रुपयांची पाकिटं आधी बंद. डब्यात नागलीची भाकरी. दिवाळीत पुन्हा टेप लावणार आहे.