विसाराची घाई आणि वारसांचे अपुरे कागद : कोथरूडच्या फ्लॅटबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार. गेली नऊ वर्षे आम्ही पती-पत्नी कर्वेनगरमध्ये भाड्याने राहत असून, दीड वर्षाच्या शोधानंतर कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीतला दोन बेडरूमचा फ्लॅट आम्हांला पसंत पडला आहे. व्यवहार ८४ लाखांवर आला आहे. मात्र हाच फ्लॅट आणखी दोघांनी पाहिला असून त्यांपैकी एकाला कर्जाची गरजच नाही, असे एजंट सांगतात. येत्या रविवारपर्यंत पाच लाख रुपये विसार दिला नाही तर घर हातचे जाईल, असा निरोप दिवसाआड येतो. हा दुसरा ग्राहक खरा आहे की आमच्यासाठीच उभा केला आहे, हे कळायला मार्ग नाही. झोप मात्र त्याने उडवली आहे.

खरी अडचण कागदपत्रांची आहे. फ्लॅट विक्रेत्या काकूंच्या दिवंगत यजमानांनी स्वतः घेतलेला व त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. त्यांनी सोसायटीकडे पत्नीचे नामनिर्देशन केले होते आणि तेवढ्याच आधारावर शेअर सर्टिफिकेटवर आता काकूंचे नाव लागले आहे. मृत्युपत्र नाही. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही, इतके मला ठाऊक आहे. मुलगा पुण्यात असतो आणि मुलगी कॅनडात, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे तिघांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होतो. बहिणीची हरकत नाही, ती व्हॉट्सॲपवर तसे लिहून देईल, असे मुलगा म्हणाला. माणसे सरळ आहेत, दोन्ही वेळा काकूंनी चहा घेतल्याशिवाय उठू दिले नाही, त्यामुळे नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा विषय काढताना मलाच अवघडल्यासारखे झाले. पण बँकेचे वकील तो काढल्याशिवाय राहणार नाहीत.

मुलगी लगेच भारतात येऊ शकत नाही. तिने कुलमुखत्यारपत्र पाठवायचे ठरवले, तर ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागेल आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागेल. शिवाय ती स्वतः विक्रेती म्हणून राहिली, तर तिच्या २८ लाखांच्या हिश्श्यावर नेहमीची एक टक्का नव्हे, तर अनिवासी विक्रेत्याला लागू असलेल्या चढ्या दराने करकपात आम्हांलाच करावी लागेल, आणि ती चुकली तर जबाबदारीही आमचीच. त्यापेक्षा तिने आधी आईच्या नावे हक्कसोड करावी व नंतर काकू आणि मुलगा यांनी विक्री करावी, हे मला सोयीचे वाटते. माझे हे आकलन बरोबर आहे का?

कर्जाचे मंजुरीपत्र हाती आहे. पण ते आमच्या उत्पन्नावर दिलेले आहे, या फ्लॅटवर नव्हे. बँक ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ६७ लाख देईल. उरलेले १७ लाख, सात टक्क्यांनी ५ लाख ८८ हजारांचे मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी आमच्या बचतीतून जाईल. घर एकट्या पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणजे ८४ हजार वाचतात. मात्र मी मालक नसताना सहकर्जदार राहिलो, तर बँका त्याला तयार होतात का, हेही अनुभवी सदस्यांनी सांगावे. या हिशेबात पाच लाखांचा विसार बुडाला, तर पुढच्या घराचा विचारच सोडावा लागेल.

एजंट विसार रोख मागत आहेत. मी नकार दिला आहे, कारण स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. त्याऐवजी काकूंच्या नावे एक लाखाचा धनादेश द्यावा, विसारपावतीवर काकू आणि मुलगा दोघांच्याही सह्या घ्याव्यात, आणि ठरलेल्या मुदतीत मुलीचे हक्कसोडपत्र झाले नाही किंवा बँकेच्या वकिलांनी मालकी हक्क नाकारला, तर पूर्ण रक्कम परत मिळेल, अशी अट त्यात घालावी, असे माझ्या मनात आहे. अशी अट घातलेली पावती कोणी प्रत्यक्षात केली आहे का? वकिलातीच्या कामाला लागणारा वेळ धरून मुदत किती ठेवावी? आणि तेवढ्या काळात काकूंनी दुसऱ्याशी व्यवहार करू नये, हे कोणत्या शब्दांत लिहावे, म्हणजे ते बंधनकारक राहील आणि त्यांना अविश्वासही वाटणार नाही?

रविवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्याकडे बसायचे ठरले आहे. आमच्या वकिलांना मसुदा शनिवारी दुपारपर्यंत द्यायचा आहे, म्हणून त्याआधी उत्तरे मिळाल्यास फार उपकार होतील.