लंबकाचं घड्याळ लंगडतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ महिन्यापूर्वी गावाहून पुण्याला आणलं. तबकडीवर आठ टोकांची चांदणी आणि आत इंग्रजी जे, म्हणजे जर्मनीतल्या श्रामबर्गचं युंगहान्स. ही चांदणी १८९० पासूनची, त्यामुळे घड्याळ त्याआधीचं नाही एवढं नक्की. किल्ली दर रविवारी: उजव्या भोकात चालीची, डाव्या भोकात टोल्यांची. लहानपणी त्या किल्लीला हात लावला तर फटका मिळायचा. आता किल्ली माझ्याकडे आहे आणि घड्याळ चालत नाही!

लंबक हलवून दिला की दहाएक मिनिटं चालतं, मग थांबतं. आवाजही लंगडा येतो: टिकटॉक... टिकटॉक... मध्ये मोठा खंड. पेटीचा तळ जरा डावीकडे सरकवला की ठोका सारखा पडतो आणि घड्याळ किल्ली संपेपर्यंत चालतं. पण मग ते भिंतीवर उघडउघड वाकडं दिसतं आणि बायको येताजाता सरळ करते.

लंबकाला मागून ढकलणारी पितळी दांडी प्रवासात वाकली असावी, असा माझा कयास. लंबक न काढताच टेम्पोत ठेवलं होतं, तेव्हा चूक माझीच.

टोल्यांचा घोळ मात्र मीच निस्तरला. चार वाजता सात टोले पडायचे. आतलं खाचांचं चक्र आपल्या क्रमाने टोले मोजत जातं, काटे कुठे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अर्ध्या तासाचे धरून बारा तासांत ९० टोले. खाचेतली तार बोटाने उचलत पुढचे टोले वाजवून घेतले आणि जुळवलं. शेजारी विचारायला आले होते.

दुकानदार म्हणाला, "आतलं सगळं काढून बॅटरीची मशीन टाकतो, लंबकही हलेल." पण तो लंबक नुसता शोभेचा! वेळ बघायला मोबाइल आहेच हो.

तर दांडी हातानेच हलकी वाकवली तर चालेल का, आणि कोणत्या बाजूला? तिचं पितळ जुनं आहे, तुटेल याची धास्ती वाटते. तेल बरीच वर्षं घातलेलं नाही. शिलाई मशीनचं चालेल की घड्याळाचंच हवं? शिवाय पुण्यात अशी चावीची घड्याळं उघडणारा कुणी कारागीर माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टिकटिकीचं रेकॉर्डिंग केलंय. मागे कुकरच्या शिट्ट्या आहेत, तेवढ्या सोडून ऐका.